तीन पायांचं जनावर

३ जून, सोमवार. दुपार.

आजपासून रोजनिशी. मला अक्षर येत नाही, म्हणून सुनेने फोनमध्ये काहीतरी करून दिलंय. मी बोलायचं, तो लिहितो. काय लिहितो ते मला वाचता येत नाही आणि दुसऱ्या कुणी वाचायचं नाही असं ठरलंय. म्हणजे खरं बोलायला हरकत नाही.

कारण असं झालं. सून नातीच्या शाळेत मीटिंगला गेली होती. तिथे एक बाई क्रिएटिव्ह बुद्धीवर दोन तास बोलल्या. सार एवढंच, की मुलाच्या डोक्यात पाठांतराची एक बुद्धी असते आणि नवं सुचण्याची दुसरी. दुसरी वाढवायची तर मोठ्यांनी मध्ये मध्ये करायचं नाही. हे सांगताना सून माझ्याकडे बघत होती. मी माझ्या मुलाकडे बघितलं. मोठ्यांनी रोज मनातलं लिहून ठेवावं, असंही त्या म्हणाल्या म्हणे. तेवढं पटलं.

नात नऊ वर्षांची. मी तिला गुंडी म्हणते. शाळेमागच्या चित्रशाळेत शनिवारचा वर्ग निघतोय, जागा सहाच. चिंध्यांचं एक जनावर स्वतःच्या हाताने करून न्यायचं, मग तिथल्या बाई निवडणार. गुंडीने जेवताना तीनदा सांगितलं की मला तिथे जायचंय. एरवी भूक लागली तरी ती एकदाच सांगते.

निश्चय: मी एक शब्द बोलणार नाही. शर्टांच्या कारखान्यात चाळीस वर्षं कॉलरच्या टेबलावर होते, हाताखाली बारा पोरी. माणसाला फुलू कसं द्यायचं, हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या टेबलावरून वाकडी कॉलर कधी बाहेर गेली नाही.

४ जून. संध्याकाळ.

गुंडीने कागदावर जनावर काढलं. एक कान अंगापेक्षा लांब, दुसरा नाहीच. पाय तीन. मी शब्द पाळला. फक्त विचारलं, चौथा कुठाय? विचारणं म्हणजे बोलणं नव्हे. ती म्हणाली, ते घाईत निघालं, एक पाय घरीच विसरलं. मला फार हसू आलं. मग तीन पायांवर ते कसं पडेल, हे तिला स्टुलाला धरून नीट समजावलं. स्टूल तीन पायांचंच निघालं आणि पडेना. चुकीचं स्टूल उचललं.

५ जून.

गुंडी शाळेत. तिने बेतलेले तुकडे बघवेनात. कडा अशा, जणू उंदराने हातभार लावलाय. जराशा सरळ केल्या. कापणं हे काही क्रिएटिव्ह नसतं, ते कात्रीचं काम. सुचणं तिचं, कात्री माझी.

६ जून.

गुंडीने तुकडे हातात घेऊन बघितले आणि परत ठेवून दिले. खोल आहे पोर. सुनेने मात्र विचारलं, आई, कान आखूड कसा झाला? म्हटलं, कापड आटतं. म्हणाली, पाण्यात न घालता? या बाईला पोलिसात घ्यायला हवं होतं.

८ जून, शनिवार. दुपारी, गुंडी झोपली असताना.

चौथा पाय लावला. शास्त्रापुरता. तिला नको असेल तर उसवता येईल, टाके जरा घट्टच बसलेत पण.

मुलगा बघत उभा होता. आई, ते तिचं आहे ना, म्हणाला. म्हटलं, तूही तुझाच होतास ना? सातवीपर्यंत तुझे केस मीच कापले, काही बिघडलं? त्याने टक्कल चाचपलं आणि निघून गेला. पटलं की पुरुष असाच निघून जातो.

९ जून.

आज गुंडी स्वतःहून म्हणाली, तूच कर आजी, तुला छान येतं. डोळे भरून आले. दुसऱ्याची कला ओळखायलाही बुद्धी लागते. ती वाढतेय, दिसतंच आहे.

११ जून.

प्रगती जोरात. पूर्वी गुंडी कुणाला काही विचारायची नाही, सरळ भिंतीवर सुरू व्हायची. आता सगळं विचारून करते. डोळे कुठल्या बटणांचे लावू, आजी? शेपूट किती? तुला कुठला रंग आवडेल? काल तर चित्राच्या वहीत सूर्य कुठल्या कोपऱ्यात काढू, तेही विचारलं. मी सांगितला.

सुनेला हे सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती, थांबली. म्हणाली, आई, हे चांगलं नाही. म्हटलं, तुला माझं कौतुक कधी झालंय?

१३ जून. संध्याकाळ.

जनावर तयार. चारही पाय सारखे, दोरा लावून मोजले. कान दोन. शिवण कुठे दिसणार नाही. गळ्याशी कॉलर आहे, आत बक्रम घालून कडक केलेली. ती कुणी सांगितली नव्हती, हातांनी आपोआप केली.

शेजारचे रिटायर्ड पोस्टमन आले होते. म्हणाले, कुत्रा झकास जमलाय. कुत्रा नाही हो, म्हटलं. मग काय? मी गुंडीला हाक मारली. सांग गं काकांना, कोण आहे हे. तिने ते उलटसुलट करून बघितलं. म्हणाली, आधी माहीत होतं.

मुलं विसरतात. या वयात चालायचंच.

१५ जून, शनिवार. दुपार.

आज निवडीला गेलो. समोर चित्रशाळेच्या बाई. केसांत पेन्सिल खोचलेली, बोटांना रंग. त्यांनी जनावर हातात घेतलं ते थेट उलटून पोटाखालचा टाका शोधला. जाणकार बाई. म्हणाल्या, टाका फार सुंदर, कुणी घातला? वाटेत मी गुंडीला दोनदा बजावलं होतं, तूच घातलास म्हणून सांगायचं. ती म्हणाली, आजीने. मग बाईंनी विचारलं, यातलं तुझं काय आहे? गुंडी बराच वेळ शोधत होती.

संस्कार आमचे, त्यामुळे खोटं बोलता आलं नाही. तिथेच घात झाला.

मग सगळ्या मुलांना आत बसवून एकेक फडकं दिलं. वीस मिनिटं, हवं ते करा. पालक बाहेर. दाराला काच होती. बाकीची पोरं कात्र्या घेऊन तुटून पडली. एकाने तर फडकं डोक्यालाच बांधलं. गुंडी फडकं मांडीवर घेऊन बसली आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. कशाला हलवली, ते तिला कळलं नाही. मलाही नाही. शेवटी तिने फडक्याची चौघडी केली, कडेला कड जुळवून, आणि बाईंपुढे ठेवली.

सहा नावं वाचली. गुंडीचं नव्हतं.

बाई म्हणाल्या, सप्टेंबरात परत निवड आहे, तेव्हा या. पण घरून काही आणू नका. हे म्हणताना बाई जनावराकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

घरी येईपर्यंत गुंडी रडली नाही. रडली असती तर काहीतरी बोलता आलं असतं.

१६ जून.

विचार केला. तिथल्या खोलीत उजेड कमी होता. खुर्ची तिला उंच. वीस मिनिटांत तर आमच्याकडे सुईत दोरा ओवून व्हायचा नाही. डोक्याला फडकं बांधणाऱ्याला घेतलं, तिथेच कळलं काय लायकीचा वर्ग आहे. सुनेला हे सगळं ऐकवलं. तिने ऐकून घेतलं.

१८ जून.

नवा निश्चय. सप्टेंबरपर्यंत रोज पाच ते सहा क्रिएटिव्ह बुद्धीचा तास. मी समोर बसून सुचवून घेणार. आज पहिला. गुंडी म्हणाली, अभ्यास आहे. आज सुट्टी होती.

१९ जून.

अभ्यास होता.

२० जून.

परत अभ्यास. इतका अभ्यास करणारी पोर आमच्या घराण्यात नव्हती.

२२ जून, शनिवार. सकाळी अकरा.

वर्ग आज सुरू झाला. ती सहा पोरं तिकडे, गुंडी घरी. दहाच्या सुमारास आली आणि कात्री मागितली. माझी मोठी नव्हे, बोथट, कागदाची. काय करणार, विचारलं. माहीत नाही, म्हणाली. कात्री घेऊन वळली. मग म्हणाली, आजी, तू येऊ नकोस हं. फार हळू म्हणाली. खोलीत गेली आणि कडी लावली.

मी दाराबाहेर खुर्ची घेऊन बसलेय. आतून आवाज येतोय. वाकडं कापतेय. चाळीस वर्षांनंतर ते आवाजावरून कळतं. कात्री मध्येच थांबते, फिरते, परत सुरू होते. एकदा काहीतरी धाडकन पडलं. मी उठले. मग ती आत एकटीच हसली. काय झालं ते कळलं नाही. मी परत बसले.

दोन वेळा दारावर हात नेला. वाजवला नाही. हे कुणी बघितलं नाही, म्हणून इथे सांगून ठेवते.

सून कपड्यांची बादली घेऊन जाताना थबकली. विचारलं, आई, इथे बसून काय करताय? काही नाही, म्हटलं.

म्हणाली, करत राहा, जमतंय.