अंकिताची शेड, प्लाझ्मा कटर आणि कॉम्प्रेसर

मी बनाबाई मायाप्पा कोळेकर, वय एकसष्ट, धंदा गेट-ग्रिल व ट्रॉली दुरुस्ती, राहणार कुर्डुवाडी, तालुका माढा, जिल्हा सोलापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलगा कुमार गेल्यापासून मला फारसं काही जाणवत नाही, हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्याने मृत्युपत्राला बाध येत नाही, असं ते म्हणाले.

१. राहतं घर आणि शेडची जागा पती मायाप्पा वारल्यानंतर मी स्वकष्टाने, माझ्या नावावर घेतली. त्यावर दीर बिरुदेव यांचा हक्क पोहोचत नाही.

२. घर व माझ्या पाटल्या मुलगी सोनम, राहणार श्रीपूर, हिला द्याव्यात. सून अंकिता हवं तितके दिवस त्या घरात राहील. सोनमला हे मान्य आहे.

३. शेड, जागेसह, आणि त्यातलं प्लाझ्मा कटर, कॉम्प्रेसर व बाकी हत्यारं अंकिताला पूर्ण मालकीने देत आहे.

विजेच्या ज्योतीने पत्रा कापायचं हे कटर कुमारने आणलं. ते स्वस्तातलं आहे. त्यात ज्योतीला लागणाऱ्या दाबाच्या हवेची सोय नसते, कॉम्प्रेसर वेगळा जोडावा लागतो. त्याने नळी जोडली, एक पत्रा कापून बघितला. त्याच आठवड्यात माढ्याहून येताना मोटारसायकल घसरून तो गेला. मी रडले नाही. लोकांनी ते पाहिलं.

तेराव्यालाच बिरुदेव मशीनसाठी गिऱ्हाईक घेऊन आले. "बाईमाणसाला कशाला हवंय? इकून टाका."

अंकिता आतून बाहेर आली. "इकायचं न्हाय, अण्णा."

"तुला चालवाय येतंय व्हय?"

"शिकते की."

शिकताना ज्योत फडफडायची, कापलेली कड दातेरी यायची, नोझल जळायचे. सुनेने मशीन नासवलं, असं बिरुदेव गावभर सांगत फिरले. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी हवेबरोबर ज्योतीत येत होतं. अंकिताने टाकीखालची तोटी सोडून ते काढलं, नळीवर पाणी अडवणारी गाळणी बसवली, आणि टाकीत हवा भरेपर्यंत दम धरायला शिकली. मग पत्रा सरळ कापला गेला. तोंडावरची काळी काच वर करून ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसायला हवं होतं. मी नुसती बघत राहिले.

पुढे उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला येऊ लागल्या. त्यावरच आम्ही दोघी जेवतो.

४. बिरुदेव यांना मी काहीही देत नाही. हे विसरून राहिलेलं नाही. कुमारच्या फोटोला हार घालायला त्यांनी यावं. शेडमध्ये येऊ नये.

५. अंकिताने दुसरं लग्न केलं तरी कलम ३ मधली मालकी तिचीच राहील. हे कलम मी तिला वाचून दाखवलं.

"आत्या, तुमी मला घालवताय व्हय?"

"न्हाय गं. मी तुझ्याएवढी असताना मायाप्पा गेले. तवा दुसऱ्या लग्नाचं मला कुणी इचारलं न्हाय. मी तुला इचारतेय."

ती उठून शेडमध्ये कॉम्प्रेसर सुरू करायला गेली. उत्तर काहीही आलं, तरी हे कलम बदलणार नाही.

ठिकाण: कुर्डुवाडी
तारीख: १४ ऑगस्ट २०२५

लिहून ठेवणार: बनाबाई मायाप्पा कोळेकर (सही)

बनाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर केली:
१. ज्ञानबा सिदू वाघमोडे, शेजारी (सही)
२. सुकन्या महिपती गायकवाड, परिचारिका (सही)