तुझ्या बाजूची भिंत

प्रिय अक्का,

आयुष्यभर तुला 'तुम्ही' म्हणाले. थोरल्या जावेला धाकटीनं तसंच म्हणायचं असतं. पण आज जे बोलायचं आहे ते 'तुम्ही' म्हणून बोलता येणार नाही. रागवायचं तर रागव.

उद्या सकाळी आपल्या घराच्या दर्शनी भिंतीला चुन्याचा पहिला हात द्यायचा आहे. त्याआधी तुझ्याशी भांडून घ्यावं म्हटलं. तुझी लेक कमळ आत निजली आहे, सातवा महिना आहे तिला. दुपार शांत आहे.

एक घर, दोन भावांच्या दोन चुली, दोन दारं. रस्त्यावरून पाहिलं तर डावीकडची अर्धी भिंत तुझी आणि उजवीकडची माझी. दर दिवाळीला आपापली बाजू आपण आपल्या हातानं सारवली, रंगवली. आणि दर वर्षी चाकूरच्या बाजाराला जाणारी माणसं आपल्या दारापुढं थबकून काय म्हणायची? "थोरल्या बाईंची भिंत बघा, पावसाळा झाला तरी कशी हाय." माझ्या भिंतीबद्दल कुणी वाईट बोललं नाही. तिच्याबद्दल कुणी काहीच बोललं नाही, अक्का, आणि ते मला जास्त लागायचं.

तुझी रीत मी वीस वर्षं बघत होते. पाऊस सरला की तू खुरपं घेऊन बसायचीस. जुना पोपडा खरवडायचा, तळाशी ओलीनं खारट लोणा फुटला असेल तर तिथला गिलावा पार दगडापर्यंत काढायचा, भेगा भरायच्या, मग चार-पाच दिवस नुसतं सकाळ-संध्याकाळ पाणी मारत राहायचं. चुना तर तू महिनाभर आधीच रांजणात विरवत ठेवलेला असायचा. तो फडक्यातून गाळून, गुळाचं पाणी घालून, ताकासारखा पातळ करून तीन हात द्यायचीस. एक हात पुरा वाळल्याशिवाय दुसरा नाही. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई भिंत रंगवत नाही, आजारी माणसाची शुश्रूषा करते आहे.

आणि मी? तुझं खरवडणं संपायच्या आत माझी भिंत पांढरीशुभ्र झालेली असायची. जुन्यावरच दाट चुना थापायचा, एका दिवसात काम फत्ते. खरं कारण आज सांगते. मला तुझ्याआधी व्हायचं होतं. आठ दिवस तरी रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर माझ्या बाजूला आधी जावी. एवढ्या आठ दिवसांसाठी मी वीस वर्षं भिंतीची नासाडी केली.

तालुकदार साहेबांचा दौरा आठवतो? दौंडी पिटली होती, रस्त्यावरच्या सगळ्या घरांना चुना पाहिजे, असा हुकूम. मी रातोरात नाही, पण दिवसाउजेडी चार तासांत उरकलं. तू मात्र पाणी मारत बसलीस. भाऊजी घाबरून म्हणाले, "अगं, साहेब उद्या येऊन राहिले." तू म्हणालीस, "येऊ द्या की. भिंत वल्ली हाय म्हणून सांगा." साहेबांची मोटार धुरळा उडवत गेली, काचा बंद. माझ्या पांढऱ्या भिंतीवर तो सगळा धुरळा बसला. तू पदर तोंडाला लावून हसलीस. मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

गेल्या वर्षी श्रावणात तू गेलीस. वर्षश्राद्ध होईपर्यंत घराला चुना लावायचा नाही, ही आपली रीत. त्यामुळं गेली दिवाळी भिंत तशीच राहिली. आणि यंदाच्या पावसानं सगळ्या गावाला दाखवून दिलं. माझी बाजू पापडासारखी सुटून पायाशी पडली. तुझी तशीच उभी. मेलेल्या माणसाचा हेवा करावा का? मी केला. सरणावर गेलेल्या बाईची भिंत माझ्यापेक्षा ताजी दिसते, याचा मला रोज सकाळी दार उघडताना राग यायचा.

त्यात कमळची सासरहून, भोकरहून चिठ्ठी आली. "काकू, बाळंतपणाला येते. मी आईच्या बाजूला राहीन. तिची भिंत तशीच राहू द्या." माझ्या पोटी मूल नाही, हे तुला ठाऊक आहे. कमळची वेणी मी घातली, गोवरात तिच्या उशाशी मी बसले, तुझ्या बरोबरीनं. आणि तिनं यायचं ते तुझ्या रिकाम्या खोलीत? चिठ्ठी वाचून मी खुरपं उचललं आणि तुझी भिंत खरवडायला लागले. दोन्ही बाजू एकसारख्या उघड्या करून टाकायच्या, असंच मनात होतं.

नाही निघाली. खुरपं नुसतं घसरत होतं. गिलावा बघायला आलेले हुसेनचाचा गवंडी मागं उभे होते. म्हणाले, "न्हाई निघायची ती, बाई. चुना ऱ्हायलाच न्हाई आता, दगड झालाय. खरवडायची तर ती तुमची बाजू हाय." मी खुरपं खाली ठेवलं. भिंतीवर, डोक्याच्याही वर, हातभर ओरखडा तेवढा उठला होता.

कमळ आली, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या तिला तोच दिसला.

"हे काय, काकू?"

"बैल घासला."

ती माझ्याकडं तुझ्यासारखी बघत राहिली. मग तुझ्या चुलीवर तिनं स्वतःचा भात टाकला. दोन दिवस माझ्याकडं पाणीसुद्धा प्याली नाही.

तिसऱ्या दिवशी मी माझी बाजू खरवडायला घेतली. काय सांगू अक्का, एकेक पोपडा सुटत होता आणि माझं एकेक वर्ष हातात येत होतं. सगळी घाईची. कमळ ओट्यावर बसून बघत होती. उंबऱ्याशेजारी आले तर वीतभर तुकडा निघेचना. मी जोर लावला.

"तेवढा सोडा, काकू. तो आईचा हाय."

"माझ्या भिंतीत?"

"तुम्ही मुरुडला माहेरी गेला होता तवा. तिथून पाणी मुरून राहिलं होतं. आईनं दगडापासून भरून काढला अन् वरून तुमच्यासारखाच दाट चुना फासला. म्हणाली, काकूला सांगू नको, तिला राग येईल."

रागच आला. अजून येतो आहे. माझ्या भिंतीत जेवढं टिकलं तेवढं तुझं निघावं? आणि ते लपवायला तू माझ्यासारखं वाईट काम मुद्दाम करावंस? मला एकदा शिकवायचं होतंस. मी शिकले नसते, हेही तुला ठाऊक होतं म्हणा.

मी खुरपं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "कमळ, तो ओरखडा बैलाचा नाही."

"ठावं हाय. आपल्या गावचा बैल एवढा उंच न्हाई."

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. ती उठली, तांब्या घेऊन माझ्या खरवडलेल्या भिंतीवर पाणी मारायला लागली. मनगट वळवून, तुझ्यासारखं, शिंतोडा न उडवता. त्या मनगटाचासुद्धा मला हेवा वाटला. संध्याकाळी म्हणाली, "माझी खाट तुमच्याकडं टाका. आईची खोली लई तापती." तुझी खोली कधीच तापत नाही. मी खाट टाकली.

त्यानंतर रोज पाणी मारते आहे. चुना महिनाभर विरला आहे. भेगा भरल्या, लोणा काढला. तुझी बाजू खरवडणार नाही. नुसती धुऊन घेईन आणि तुझ्यावरून माझा चुना जाईल, पातळ, तीन हात. तुझ्या बाजूचा ओरखडा त्याखाली बुजेल. उंबऱ्याजवळचा तुझा तुकडा माझ्या चुन्याखाली तसाच राहील.

एवढं वचन देते, अक्का. कमळचं बाळ बाराव्या दिवशी उन्हात आणीन तेव्हा भिंत एकसारखी असेल, कुठली तुझी आणि कुठली माझी ते कुणाला कळणार नाही. आणि माझी बाजू मी तुझ्यापेक्षा एक पावसाळा जास्त टिकवून दाखवीन. फक्त ते बघून पदर तोंडाला लावायला तू नसशील, याबद्दल मात्र तुला माफ करायचं माझ्यानं होणार नाही.

तुझ्या शेजारच्या दारातली,
धाकटी