बाबांसाठी ट्यूनर

४ फेब्रुवारी, मंगळवार

आलं एकदाचं ते खोकं. काळा, चपटा, बुटांच्या खोक्याएवढा कॉम्प्युटर. वर चिठ्ठी – ‘बाबांना, प्रेमाने’. छापील. दादाच्या हातची अक्षरंसुद्धा नाहीत.

होम थिएटरचा कॉम्प्युटर म्हणे हा. सिनेमे, गाणी, टीव्ही, सगळं एकात. शिवाय टीव्हीवर लागलेलं काहीही साठवून ठेवता येतं, म्हणजे बाबा दुपारी झोपले तरी त्यांचं काही चुकणार नाही.

काय चुकणार आहे त्यांचं?

जुलैत बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्यानंतर दादा परदेशातून दोनदा येऊन गेला. एकदा चार दिवस, एकदा तीन. आणि आता हे खोकं. फोनवर म्हणाला, “अगं, सगळं तयार आहे. तू फक्त एक ट्यूनर घालून घे.” आमटीत मीठ घालून घे म्हणावं तसं.

ट्यूनर म्हणजे काय, हेही मलाच विचारावं लागलं. भिंतीतून येणारी केबल कॉम्प्युटरला थेट कळत नाही. मधे एक तुकडा लागतो, तो हवा तो चॅनल वेचून देतो. एवढंच. मग तो घालूनच का नाही पाठवला? तर म्हणे प्रत्येक ठिकाणची केबल वेगळी. तिथलं बघून तूच निवड.

मीच निवडते. डायपर मी निवडते, औषधं मी निवडते, बाबांना सांभाळणाऱ्या मावशींना सुटी कधी द्यायची तेही मी ठरवते. आता ट्यूनर.

६ फेब्रुवारी

कामावरून सुटल्यावर कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. मालक एका कानात काहीतरी खुपसून दुसऱ्याच कुणाशी बोलत होता. माझं बोलणं अर्धवट ऐकलं आणि मागे हात घालून एक खोकं काढलं. “हे घ्या मॅडम. सगळ्यांना चालतं.”

मी चष्म्यांच्या काचा घासते. बावीस वर्षं. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर गिऱ्हाईक डोकं धरून परत येतं. ‘सगळ्यांना चालतं’ असं मी एकदा जरी म्हटलं असतं तर त्याच दिवशी घरी बसले असते.

तरी घेतलं. दमले होते.

७ फेब्रुवारी

ट्यूनर घातला. पडद्यावर नुसती राख उडते आहे. आवाज म्हणजे तेलात पाणी पडल्यासारखा.

८ फेब्रुवारी

ते ट्यूनरचं कार्ड जुन्या केबलचं निघालं. आपल्याकडची केबल डिजिटल होऊन किती वर्षं झाली! दुकानदार म्हणतो, “तुम्ही डिजिटल म्हणालाच नाहीत.” डोळ्याला डोळा न भिडवता. त्याच्याकडे पडून असलेला माल त्याने माझ्या गळ्यात मारला, आणि चूक माझी.

बाबा वजनमापं तपासायचे. बाजारात शिरले की दुकानदार गल्ल्याखाली हात घालून पोकळ वजनं लपवायचे. आम्ही लहान असताना बाबांच्या बरोबर चाललो की दोन्ही बाजूंनी नमस्कार यायचे, आणि बाबा एकाचाही घ्यायचे नाहीत. त्यांच्या मुलीला आज दिवसाढवळ्या गंडवलं. घरी येऊन सांगितलं त्यांना. चेहऱ्यावर काही नाही. डोळे टीव्हीकडे. जुनी डबी अजून चालू आहे, केबल कंपनीचा सेट-टॉप बॉक्स.

९ फेब्रुवारी, रविवार

बदलून आणलेलं कार्ड डिजिटल आहे, पण उंच आहे. दादाचा कॉम्प्युटर चपटा. झाकण चार बोटं उघडं राहतं. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, “झाकण न लावता चालवा ना. हवा खेळती राहील.”

मला त्याच्या दुकानाचं शटर अर्धं कापून आणावंसं वाटलं. हवा खेळती राहील.

१२ फेब्रुवारी

तिसरा. बोटाएवढा, बाहेरून खोचायचा. हा निदान बसला. पाच चॅनल लागले. हवामान, कढया विकणारी बाई, संसदेतली भाषणं, पुन्हा कढया, आणि एक ज्यावर नुसतं घड्याळ दिसतं. बाकी सगळ्यांवर कुलपाचं चित्र.

दादाने समजावलं. कंपनी चॅनल कुलूपबंद करून पाठवते. त्यांच्या डबीत एक कार्ड असतं, तीच किल्ली. ट्यूनरला ते कार्ड घालायची खाच हवी, आणि कार्ड कंपनीनेच द्यायला हवं. मी म्हटलं, “हे तुला आधी माहीत होतं?” तर म्हणे, “अगं, मला वाटलं दुकानदार सांगेल.”

बोटाएवढा ट्यूनर तासाभरात इतका तापला की हात लावता येईना. काढला आणि सिंकच्या कडेवर ठेवून दिला. नंतर वाटलं चुकून पाण्यात पडला तर बरं. पडला नाही.

१४ फेब्रुवारी

कंपनीला फोन. आधी मशीन बोललं, मग गाणं लागलं, मग एक मुलगी. “कॉम्प्युटरला आम्ही कार्ड देत नाही मॅडम. आणखी काही मदत करू?”

आणखी म्हणजे? आधी कुठली केली?

१७ फेब्रुवारी, सोमवार

अर्धी रजा टाकून कंपनीच्या कचेरीत गेले. खिडकीत एक गृहस्थ, रबराच्या शिक्क्याने, कंगव्याने करावी तशी, मिशी सारखी करत होते. माझ्यासमोर. मग तोच शिक्का कागदावर.

“कॉम्प्युटर आमच्यात येत नाही,” ते म्हणाले.

त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर नियमांचा कागद होता. मुंगीएवढी अक्षरं. पण अशा अक्षरांवरच माझं पोट चालतं. बारावा नियम: ग्राहकाला स्वतःच्या उपकरणासाठी कार्ड मागता येईल. मी म्हटलं, “बारावा वाचा.” ते वळले, उठले, नाक कागदाला लावून वाचलं. पहिल्यांदाच वाचत असावेत.

“असं होय,” म्हणाले. “पण मग आमची डबी आधी जमा करावी लागेल. कार्ड आठ-दहा दिवसांनी.”

“तोपर्यंत टीव्ही?”

“तोपर्यंत नाही.”

रागाच्या भरात घरी जाऊन डबी उपटली आणि संध्याकाळच्या आत नेऊन आपटली. विचारच केला नाही.

१८ फेब्रुवारी

टीव्ही बंद. घर केवढं शांत असतं हे विसरले होते.

१९ फेब्रुवारी

लिहू की नको. इथे नाही लिहायचं तर कुठे.

मला बाबांची किळस येते.

टीव्ही चालू असताना कळत नव्हतं. आता सगळं ऐकू येतं. सूपचा चमचा दाताला लागतो तो आवाज. अर्धं तोंडात, अर्धं उजव्या कोपऱ्यातून परत. घास घशाखाली उतरताना होणारा तो ओला आवाज. मग खोकला. मग माझ्या हातावर शिंतोडे. मी पुसते, आणि पुसताना श्वास धरते. मावशी दिवसभर हे करतात आणि संध्याकाळी हसत घरी जातात. मी पोटची मुलगी, मला चाळीस मिनिटं जड जातात.

आज भरवताना मी खिडकीबाहेर बघत होते. चमचा गालाला लागला. ते काही म्हणाले नाहीत. म्हणणार कसे?

२० फेब्रुवारी

मावशींना विचारलं, दिवसा काय करता हो, टीव्ही नाही तर? म्हणाल्या, “मी बोलत असते की ताई. माझ्या जावेचं गाऱ्हाणं सांगते. ऐकतात.” जावेचं गाऱ्हाणं! माझ्याकडे सांगायला काय आहे? आज अठरा काचा घासल्या, एक फुटली.

सांगून बघितलं. “बाबा, आज एक काच फुटली.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिले. उठून भांडी घासायला गेले. स्वच्छ भांडी पुन्हा घासली.

२१ फेब्रुवारी

ट्यूनर हवा. लवकर हवा. बाबांसाठी नव्हे. हे तरी खरं लिहावं.

२३ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. कार्ड कधी, ट्यूनर कुठला, अजून कसं झालं नाही. मग म्हणाला, “मग दिवसभर बाबा करतात तरी काय?”

“भिंत बघतात.”

“अगं मग तू बोल ना त्यांच्याशी.”

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली. म्हटलं, “तू ये आणि बोल. तुझं खोकं परत घेऊन जा आणि तू ये.”

मग म्हणाला, “मला बघवत नाही गं त्यांना तसं.”

मी फोन ठेवला. इतकी शिसारी आली त्याची. भांड्यांच्या फळीवर हात टेकून उभी राहिले आणि मग लक्षात आलं, की त्याने जे तोंडाने कबूल केलं ते मी चार दिवसांपूर्वी याच वहीत लिहिलंय. तो समुद्रापलीकडे पळाला, मी टीव्हीमागे. फरक एवढाच.

त्याला परत फोन केला नाही.

२५ फेब्रुवारी

आता दुकानदार नको, दादा नको. स्वतःच बसले. कामावरून काचांची जाडी मोजायचा व्हर्नियर आणला, कॉम्प्युटरची आतली जागा मापली. कागदावर मांडलं. आत बसणारं कार्ड – या चपट्या खोक्यात बसेल असं, खाचेसकट, मिळत नाही. बोटाएवढा – तापतो, खाच नाही. राहिली तिसरी जात: ट्यूनरची वेगळी डबी. तिला एका बाजूने केबल, दुसऱ्या बाजूने इंटरनेटच्या राऊटरची वायर, आणि पोटात कंपनीच्या कार्डाची खाच. कॉम्प्युटरला काही खुपसायचंच नाही. घरातल्या घरात वायरीवरून चॅनल जातो.

आत एक ट्यूनर असेल तर बघत असताना दुसरं काही साठवता येत नाही. दोन असले तर येतं. दादाने निरोप टाकला होता, चारवाला घे, भविष्यात लागेल. भविष्यात! दोनवाला ठरवला.

त्याच दुकानात गेले, मुद्दाम. कागद पुढे ठेवला. दुकानदाराने कानातलं काढून वाचला. म्हणाला, “मॅडम, एवढं माहीत होतं तर आधीच सांगायचं ना.”

घरी पडून असलेल्या दोन्ही वस्तू त्याच्या काउंटरवर ओळीने मांडल्या आणि परत घ्यायला लावल्या. बोटाएवढ्याला कुरकुरला, सील फोडलंय म्हणाला. मी हललेच नाही. मागे रांग लागली, तेव्हा घेतला, आणि दोन ट्यूनरची डबी काढून दिली.

बरं वाटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

२७ फेब्रुवारी

कार्ड आलं.

१ मार्च, शनिवार

कंपनीचा माणूस आला कार्ड जोडायला. निवृत्तीला टेकलेला, गुडघे धरत जमिनीवर बसणारा. ट्यूनरची डबी बघून म्हणाला, “असलं मी पहिल्यांदाच बघतोय. तुम्ही सांगा, मी करतो.” या सगळ्या प्रकरणात पहिला खरं बोलणारा माणूस.

पडद्यावर दोन लांब आकडे आले. ते त्याने फोनवर कचेरीला वाचून दाखवले. तिकडून चुकीचे टाकले. पुन्हा वाचले. पुन्हा चुकीचे. तिसऱ्यांदा मी फोन हातात घेतला आणि एकेक आकडा उच्चारला, समोरच्याकडून वदवून घेतला. कुलूप गेलं. चित्र आलं. काय स्वच्छ चित्र! एक बाई बातम्या देत होती, तिच्या कानातला खडासुद्धा दिसत होता.

मावशींनी टाळ्या वाजवल्या. दादा व्हिडिओवर होता. त्याने मागची भांडणं काढली नाहीत, मीही नाही. “बाबा, कसं दिसतंय?” असं मोठ्याने ओरडला, बहिऱ्याशी बोलावं तसं. बाबांना ऐकू नीट येतं. मी सांगितलं नाही.

बाबा माझ्याकडे बघत होते. मला वाटलं मी पडद्याच्या आड येतेय. बाजूला झाले. तरी माझ्याकडेच. मान अवघडली असेल म्हणून उशी बदलली, तोंड टीव्हीकडे करून दिलं.

३ मार्च

सगळे चॅनल लागतात. काल बाबा झोपले होते तेव्हाच्या बातम्या साठवल्या आणि आज जेवताना लावल्या. घशाचा आवाज येत नाही. वीस मिनिटांत जेवण उरकलं.

उरकलं. हाच शब्द लिहिलाय मी.

५ मार्च, बुधवार

आज सूप भरवत होते. उभ्यानेच, नजर पडद्यावर. बाबांनी डावा हात उचलला आणि माझं मनगट धरलं. जोर होता. ओठ बराच वेळ जुळवले, आणि बोलले. सात महिन्यांत पहिला शब्द. स्पष्ट.

“बस.”

पुरे म्हणाले, की खाली बस म्हणाले, मला कळलं नाही. टीव्ही बंद केला, खुर्ची ओढली आणि बसले.