सत्तावन्नाव्या वर्षाची बोट

अ‍ॅम्बल
१२ जानेवारी २०२५

चि. रसेल यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. आईने घालून दिलेला रविवारच्या पत्राचा नेम आता आपण दोघंच पाळतो. पोस्टमन मला त्याचं शेवटचं गिऱ्हाईक म्हणतो.

आता रागवायचं काम उरकून घेते. नाताळात तुला दिलेला स्वेटर मी गेल्या वर्षीच्या मापाने विणला होता. तुझ्या अंगावर तो खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. टर्कीचे दोन तुकडे चिवडून ताट सरकवलंस, आणि पुडिंगला तर हातही लावला नाहीस. मला वाटायचं, हा पेन्शनसाठी काटकसर करतो. हा तर पोटाला चिमटे काढतोय! पगार देणाऱ्या त्या मधल्या कंपनीला सांगून निम्म्याहून जास्त पगार पेन्शनमध्ये टाकतोस. किमान वेतन तरी हातात द्यायलाच हवं असा कायदा आहे म्हणून बरं, नाहीतर तू तेही सोडून नुसता वारा खाऊन राहिला असतास.

बाबांचं आठव जरा. सारा जन्म जहाजाच्या गोदीत राबले, निवृत्त झाल्यावर हे करू नि ते करू म्हणाले, आणि दुसरा नाताळ काही त्यांना दिसला नाही. तू म्हणतोस म्हणूनच साठवायला हवं. मी म्हणते म्हणूनच खायला हवं. दोघांचेही बाबा एकच, हे विशेष.

माझ्या बागेतले लीकचे कांदे यंदा फोफावलेत. शेजारचा ऑर्ड कुंपणावरून डोकावून बघतो आणि तोंड वाकडं करून जातो. सप्टेंबरच्या भाज्यांच्या प्रदर्शनात त्याची जिरवायची आहे, तेव्हा सुट्टी आत्ताच मागून ठेव.

पोटभर जेव. आणि पगारातलं काय हवं ते काप, बहिणीवरचा लोभ तेवढा कापू नकोस.

तुझी,
ग्लेनिस


ब्रिजवॉटर
२६ जानेवारी २०२५

ती. ग्लेनिसताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र साइटवर चहाच्या सुट्टीत वाचलं आणि इतका हसलो की चहा बाहीवर सांडला. अगं, मला कंजूष म्हणतेस, पण हिशोब तरी ऐक. मी कंत्राटी माणूस. एजन्सी माझे पैसे त्या मधल्या कंपनीला देते आणि कागदोपत्री तीच माझी मालकीण. मालकाने भरायचा विमा ती माझ्याच पैशांतून भरते, मग माझा विमा, मग कर. शंभर पाउंडांतले हातात येईपर्यंत जेमतेम निम्मे उरतात. पण मी आधीच सांगून ठेवलं, की हे मला पगार म्हणून नकोतच, माझ्या पेन्शनमध्ये टाका, तर सगळेच्या सगळे जातात. अट एकच, सत्तावन्न वर्षांचा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे अजून सहा वर्षं. मग बोट घ्यायची, तुझ्या धक्क्याला बांधायची, आणि तू लीक सोलायला बसलीस की मी मॅकरेल मासे पकडून आणून देणार.

काम बरं चाललंय. वीजकेंद्राच्या नळ्यांचे सांधे दिवसभर तपासतो. वेल्डर पोरं मला शिव्या घालतात, कारण बाहेरून सांधा चकचकीत दिसला तरी मी क्ष-किरण काढल्याशिवाय सही करत नाही.

पोट जरा कुरकुरतंय, तो कॅन्टीनच्या मीट-पायचा प्रताप. डॉक्टरकडे जायचं म्हणजे दिवस बुडतो, आणि बुडलेल्या दिवसाचे पैसे आम्हाला कोण देणार? पाच एप्रिलला कराचं वर्ष संपतं, तोवर यंदाचा पेन्शनचा भरणा पुरा करायचा आहे. त्यानंतर जाईन, वचन देतो.

तुझा लोभ तुझ्याकडेच जमा राहू दे. सत्तावन्नाव्या वर्षी व्याजासकट काढीन.

तुझा,
रसेल


अ‍ॅम्बल
२३ फेब्रुवारी २०२५

चि. रसेल यास,
अनेक आशीर्वाद.

पोटाचं दाखवून घे असं तुला लगेच कळवलं होतं. तेव्हापासून तुझं एकही पत्र नाही. फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि मागाहून 'बरा आहे, पत्र लिहितो' एवढाच निरोप येतो. बरा असलेला माणूस फोन उचलतो, रसेल. आज सकाळपासून मी दारातल्या पत्रांच्या फटीकडे बघत बसले, आज रविवार, आज टपाल नसतंच, हे माहीत असून.

काम सुटलं का? सुटलं असेल तर लाज कसली त्यात? कंत्राटं सुटतात, तूच सांगतोस. मागची खोली रिकामीच आहे. उन्हाळ्यात पर्यटकांना भाड्याने देईन म्हणत होते, पण ते काही पक्कं नाही.

दोन ओळी तरी लिही. लोभ राहू दे बाजूला, आधी खुशाली कळव.

काळजीत असलेली,
ग्लेनिस


ब्रिजवॉटर
९ मार्च २०२५

ती. ग्लेनिसताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, माफ कर. काम सुटलं नाही, मीच सोडलं. पेन्शनचा भरणाही बंद करायला सांगितला. आता तू म्हणशील, सूर्य पश्चिमेला उगवला.

दुसरी बातमी अशी, की पेन्शनचे साठवलेले पैसे मला आत्ताच मिळतायत. सगळे, एकरकमी, आणि कर न कापता. सत्तावन्नाची वाट बघायला नको. इथे एक बाई आहेत, त्या सगळे कागद भरून देतायत. फार गोड बोलतात. मी गेलो की आधी चहा देतात, मग कामाचं काढतात. एप्रिलपर्यंत पैसे खात्यात येतील म्हणाल्या.

एक विचारायचं होतं. मागच्या खोलीत सकाळचं ऊन कुठवर येतं? पलंगापर्यंत येतं का? आणि ती खोली यंदा भाड्याने देऊ नकोस.

बाकी प्रश्न पत्रातून विचारू नकोस. भेटलो की बोलू. लोभ आहेच.

तुझा,
रसेल


अ‍ॅम्बल
१२ मार्च २०२५

रसेल,

आशीर्वाद मागाहून. आधी ऐक, आणि ऐकेपर्यंत कशावरही सही करू नकोस!

गोड बोलणारी बाई! चहा देणारी! अरे गाढवा, चोर काय तोंडाला काळं फासून येतो? दुसऱ्यांच्या नळ्यांतली चीर तुला दिसते आणि ही बाई दिसत नाही? आपल्या गल्लीतल्या डेन्झिलला अशाच एकाने सांगितलं होतं, पेन्शन लवकर सोडवून देतो, कायद्यात पळवाट आहे. अर्धे पैसे त्या माणसाने नेले, आणि उरलेल्यांवर सरकारने असा कर लावला की डेन्झिल अजून फेडतोय. इतकी वर्षं तू उपाशी राहून साठवलंस ते चहाच्या एका कपावर घालवणार?

त्या बाईचं नाव काय? ऑफिस कुठे? गोड माणसाला पत्ता असतो का ते बघ. पैशांची एवढी निकड असेल तर माझ्याकडे बचत आहे, मला सांग. सांगायला लाज वाटत असेल तर न सांगता घे, पण पेन्शनला हात लावू नकोस. ते तुझं म्हातारपण आहे.

उलट टपाली उत्तर हवं. नाहीतर शुक्रवारी मी स्वतः गाडीत बसते.

तुझी,
ग्लेनिस

ता. क. ऊन पलंगापर्यंत येतं. विचारलंस म्हणून सांगते.


अ‍ॅम्बल
१४ मार्च २०२५

चि. रसेल यास,
अनेक अनेक आशीर्वाद.

आज गाडीत बसणार होते, पण तुझा निरोप आला, 'येऊ नकोस, पत्र टाकतो.' मग काय करावं सुचेना, म्हणून वाचनालयात गेले. शुक्रवारी तिथे एक गृहस्थ पेन्शनबद्दल फुकट सल्ला द्यायला बसतात, बँकेतून निवृत्त झालेले, स्टोरी नावाचे. त्यांच्यासमोर तुझं पत्र ठेवलं आणि म्हटलं, माझ्या भावाला लुटतायत, पोलिसांत कसं जायचं तेवढं सांगा.

त्यांनी पत्र सावकाश वाचलं. भावाचं वय विचारलं. एक्कावन्न म्हटलं. मग चष्मा काढून म्हणाले, बाई, इतक्या लवकर पेन्शन हातात येणारी माणसं बहुतेक लुबाडली जात असतात, हे तुमचं खरं. पण कर न कापता, सगळी रक्कम, आणि तीही रीतसर मिळण्याचा एक रस्ता कायद्यात आहे. डॉक्टरने लिहून द्यावं लागतं, की या माणसापाशी वर्षभराचंही आयुष्य नाही.

मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे तसलं काही नाही. स्वेटर सैल झालाय तो हा जेवत नाही म्हणून. पोट कुरकुरतंय ते कॅन्टीनच्या मीट-पायमुळे. त्यांनी पत्र घडी करून माझ्या हातात दिलं, आणि कोणी न्यायला येणार आहे का असं विचारलं.

रसेल, मला खूप भीती वाटतेय. त्या बाईला मी काय काय बोलले. आता रस्ताभर देवाला एकच म्हणत आले, की ती चोरच निघू दे. सगळे पैसे घेऊन पळून जाऊ दे. बोट नको, पेन्शन नको, मी माझ्या घरात तुला जन्मभर फुकट जेवू घालीन आणि एका शब्दाने टोमणा मारणार नाही. तू फक्त एवढं लिही, की ताई, मी फसलो.

वाट पाहणारी,
ग्लेनिस


ब्रिजवॉटर
१८ मार्च २०२५

ती. ग्लेनिसताईस,
सा. न. वि. वि.

ताई, मी फसलो नाही.

त्या बाई इस्पितळातल्या आहेत. कॅन्सरच्या रोग्यांना पैशाच्या कागदांत मदत करतात. तू त्यांना घातलेल्या शिव्या मी वाचून दाखवल्या. आधी हसल्या, मग खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

फेब्रुवारीत साइटवर चक्कर येऊन पडलो. स्वादुपिंडात आहे, आणि पार पसरलंय. शरद ऋतूपासून दुखत होतं, पण दिवस बुडू नये म्हणून मी डॉक्टरला टाळत राहिलो. रोज क्ष-किरण बघणारा माणूस मी, स्वतःचा काढायला वेळ मिळाला नाही. तुला फोनवर सांगता येईना. तुझा आवाज ऐकला असता तर मला बोलताच आलं नसतं. आधी गेलो असतो तर वाचलो असतो का, ते डॉक्टरही सांगत नाहीत, तेव्हा तूही मनात आणू नकोस. मी आणतो तेवढं पुरे आहे.

शनिवारी येतोय, सामान घेऊनच. दुपारच्या गाडीने अल्नमथ स्टेशनवर उतरेन, तिथवर गाडी घेऊन ये. स्टॉटी पाव भाजून ठेव. खाईन किती ते सांगता येत नाही, पण वास तरी येऊ दे घरात. पैसे आले की आपण बंदरावर जाऊन बोट बघू. नवी नको. जुनी असली तरी चालेल, एक उन्हाळा टिकली की झालं.

आणि तुझ्याकडे जमा ठेवलेला लोभ आता काढायला येतोय. व्याजाचं राहू दे.

तुझा,
रसेल