टायरॉडवरची चिठ्ठी

॥ श्री ॥

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
दि. ९ मार्च २०२५

तीर्थस्वरूप आण्णांस,

जितेशचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

चंदरच्या भाजीच्या टेम्पोतून तुमचं पत्र मिळालं. दोन वर्षं ताडपत्रीखाली पडलेला ट्रॅक्टर पुन्हा उभा करायचा आणि जूनच्या चिखलणीला शेतात उतरवायचा, हे वाचून आनंद झाला. काळजीही वाटली. वहाळात उलटल्यापासून त्याला कोणी हात लावलेला नाही, म्हणजे आतलं काय काय गंजलं असेल देव जाणे.

सोबत तीन पिस्टन, लायनर, रिंगा आणि ऑइल सील पाठवतो आहे. आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात, कॅम्प दोनला, सारख्या दिसणाऱ्या खोक्यांत तीन-तीन प्रकारचा माल येतो. खोक्यावरचा नंबर आणि वस्तूवर कोरलेला नंबर एक आहे का, ते मी भिंगातून पाहिलं. सीलचं रबर अंगठ्यानं दाबलं, लगेच फुगून मूळ जागी येतं. तिन्ही पिस्टनचं वजन सारखं हवं, म्हणून समोरच्या मिठाईवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिले. तिसऱ्या पिस्टनला तो ओरडला, की पेढ्यांना ग्रीसचा वास लागेल. शेठ गल्ल्यावरून म्हणाले, की इतका वेळ घेऊन लोक जावई पसंत करतात.

क्लच, बेअरिंगं, पंपाचं सामान, सगळं मी एकेक करून पाठवीन. फक्त स्टेअरिंगचं सामान सुदाममिस्त्रींना निवडायला सांगा. ते माझ्याकडे नको. आणि मला तिकडे यायला जमणार नाही, दुकानात सुट्टी नाही.

अपघातानंतर पायात घातलेली सळई पहाटेच्या गारव्यात दुखते का, ते कळवावं. काकूंना नमस्कार. खोकी उलटी उघडू नयेत, वर लिहिलं आहे.

लोभ आहेच, तो ट्रॅक्टर सुरू झाल्यावरही तसाच असू द्यावा.

आपला आज्ञाधारक,
जितेश

*

॥ श्री ॥

वांगणी
दि. १२ मार्च २०२५

चि. जितेश यास आण्णाचे अनेक आशीर्वाद.

सामान पोचलं. खोक्यावर तू लिहिलंस, ‘ही बाजू वर’. आत पुडीवर लिहिलंस, ‘ही बाजू वर’. पुडीच्या आत पिस्टनवर पुन्हा चिठ्ठी. सुदाम म्हणाला, पोरगं आपल्याला आंधळं समजतं की काय. मी म्हटलं, बाबा, तो लहानपणी भाकरीवरसुद्धा बोट ठेवून सांगायचा, इकडची बाजू भाजलेली आहे. नववीत शाळा सुटली तुझी, पण अक्षर मास्तरांपेक्षा नीट. तुझा बाप गेला तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. तेव्हाही खडू घेऊन बैलांच्या गोठ्यावर ‘बैल’ लिहून ठेवायचास.

तुझ्या काकूचा मोबाइल माझ्या कानाला लावून उपयोग नाही. नुसता भुंगा वाजतो. पस्तीस वर्षं त्या ट्रॅक्टरनं माझ्या कानात बसून गप्पा मारल्या, आता दुसऱ्या कोणाचं ऐकू येत नाही. म्हणून लिहीत जा. चंदर मंगळवारी आणि शुक्रवारी जातो, त्याच्याकडे देत जा.

इथं एक भानगड झाली आहे. हत्यारांच्या पेटीत कोंबडी नऊ अंड्यांवर बसली आहे. तुझी काकू तिला उठवू देत नाही. सुदामला पाना हवा असला की आधी काकूची परवानगी, मग कोंबडीची.

आता कामाचं. तू म्हणतोस स्टेअरिंगचं सुदामनं बघावं. सुदामचा सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज, हातोडा. इंजिन त्यानं जोडावं, पण पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याची टोकं तूच बघून आण आणि तूच येऊन बसव. दोन वर्षांत तू गणपतीला एक दिवस येतोस नि पडवीतल्या ट्रॅक्टरकडे पाठ करून जेवतोस. दुकानाला सुट्टी नाही म्हणे. तुझा शेठ काय दिवाळीतही दुकान उघडं ठेवतो? मी आता पन्नाशीचा नाही. ट्रॅक्टर उभा राहिला तर तो तुझ्यासाठी, माझा पाय क्लचवर पुरत नाही.

वाट बघतो.

तुझा,
आण्णा

*

॥ श्री ॥

बदलापूर (प.)
दि. २३ मार्च २०२५

तीर्थस्वरूप आण्णांस,

जितेशचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेला क्रँकशाफ्ट चंदरनं सुखरूप आणला. तो मी अंबरनाथला बुद्धभूषणदादांच्या लेथवर नेला. जाताना बेअरिंगं घेऊन गेलो होतो, पुष्कळ शोधून, सर्वांत चांगल्या कंपनीची. त्यांनी खोक्याकडे पाहिलंही नाही. आधी माप घेतलं, मग म्हणाले, हा क्रँक एकदा घासून बारीक केलेला आहे, ही बेअरिंगं त्यावर खुळखुळतील. कंपनी बघण्याआधी माप बघत जा, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मला लाज वाटली. आता त्या मापाची बेअरिंगं घेतली आहेत. क्रँकसोबत पाठवतो. चिठ्ठ्या कमी लावल्या आहेत.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं ते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी सुट्टीचं खोटं कारण लिहिलं होतं. क्षमा असावी.

आण्णा, दोन वर्षांपूर्वी डाव्या बाजूचं त्या दांड्याचं, टायरॉडचं, टोक मीच आणलं होतं. नांगरट अर्ध्यावर होती, कंपनीचं टोक बाजारात मिळत नव्हतं, म्हणून मी साध्या खोक्यातलं घेतलं. घेताना मला शंका आली होती. तरी घेतलं. ते तुमच्या हातात दिलं आणि आपल्या संजीवनीताईला माहेरपणाला आणायला कर्जतला तिच्या सासरी गेलो. परत आलो तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात. मी चहा घेऊन दारात उभा होतो. काकूंनी तुम्हाला विचारलं, काय तुटलं. तुम्ही म्हणालात, पोरानं आणलेली वस्तू डुप्लिकेट निघाली. तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही मोठ्यानं बोलता. अख्ख्या वॉर्डानं ऐकलं.

मी तुम्हाला दोष देत नाही. खरं तेच तुम्ही सांगितलंत. पण त्यानंतर मी त्या ट्रॅक्टरकडे पाहू शकलो नाही. आजही दुकानात गिऱ्हाईकानं टायरॉड मागितला, तर मी काढून देत नाही, दुसऱ्याला सांगतो. बाकी सगळं मी तुम्हाला निवडून देईन. ते एक मागू नका.

काकूंना नमस्कार. कोंबडीचं कळवावं.

माझ्यावरची माया कमी झाली नसेल, तर ती तशीच राहो.

आपला,
जितेश

*

॥ श्री ॥

वांगणी
दि. २७ मार्च २०२५

चि. जितेश यास आशीर्वाद.

क्रँक बसला. हातानं फिरवला तर लोण्यासारखा फिरतो. सुदामनंही तुला नावाजलं, आणि तो कोणाला नावाजत नाही.

पाडव्याला ये. तुझी काकू चक्का टांगून बसली आहे.

तू लिहिलंस ते वाचलं. एवढंच सांग, त्या वेळी त्या टोकावर तू चिठ्ठी लावली होतीस का? लावली असलीस, तर काय लिहिलं होतंस?

आण्णा

*

॥ श्री ॥

बदलापूर (प.)
दि. ३० मार्च २०२५, पाडवा

तीर्थस्वरूप आण्णांस,

जितेशचा नमस्कार आणि नववर्षाच्या शुभेच्छा.

आलो नाही, रागावू नये. सकाळी स्टेशनपर्यंत गेलो होतो. तिथून परतलो. काकूंना सांगा, चक्का माझ्या वाटणीचा सुदाममिस्त्रींना द्यावा.

हो, चिठ्ठी लावली होती. मला अक्षर न् अक्षर आठवतं. ‘डावी बाजू. काटा पिन नवीन घालणे, जुनी वापरू नये.’ पिन वेगळ्या पुडीत बांधून त्याच दोऱ्यानं अडकवली होती. तुम्ही का विचारलं ते कळलं नाही. नट अडवणारी ती पिन घातली नव्हती का? मला तीन दिवस दुसरं काही सुचत नाही. नीट लिहायला हवं होतं का? मोठ्या अक्षरात?

काल हिंमत करून कंपनीच्या टोकांचं खोकं उघडलं. सहा होती. एकेक हातात घेतलं. वाटीतली गोळी सगळीकडे सारखी घट्ट फिरते, वरचं रबर मऊ आहे. तरी एकही उचलता येईना. सहाही परत ठेवली.

क्लच प्लेट पाठवतो आहे. स्प्रिंगा हलवून पाहिल्या आहेत, एकही सैल नाही.

उत्तर लवकर पाठवावं, एवढीच कृपा असावी.

आपला,
जितेश

*

॥ श्री ॥

वांगणी
दि. ३ एप्रिल २०२५

चि. जितेश यास,

आशीर्वाद द्यायचा माझा हक्क आहे की नाही, ते पत्र वाचून तूच ठरव.

चंदरजवळ एक पुडी दिली आहे. आधी ती सोड, मग पुढं वाच.

सोडलीस? तेच टोक आहे. तुझी चिठ्ठी त्यावर आहे, पिनेची पुडी दोऱ्याला आहे. दोरा मी कधी सोडलाच नाही. ते ट्रॅक्टरला बसलंच नव्हतं, जितेश.

तू कर्जतला गेलास. मी ते टोक हातात घेऊन पाहिलं, हलकं वाटलं. म्हटलं, हा डुप्लिकेट माल. त्यापेक्षा आपलं जुनं बरं, कंपनीनं दिलेलं, ट्रॅक्टरसोबत आलेलं. त्याची गोळी झिजून वाटीत नाचत होती, ते मला दिसत होतं. मी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापली, वाटीत सरकवली, आणि ठोकून बसवलं. जुनं म्हणजे खरं, अशी माझी समजूत. दोन वावरं चाललं. तिसऱ्या वावराच्या बांधावर गोळी निसटली, आणि मी वहाळात.

दवाखान्यात तुझ्या काकूनं विचारलं, तेव्हा पत्र्याची पट्टी सांगायची मला लाज वाटली. तोंडातून तुझ्या वस्तूचं नाव गेलं. तू दारात होतास हे मला माहीत नव्हतं. पण तू नसतास तरी ते खोटंच होतं. पुढं तू येईनासा झालास. मला कळत होतं काहीतरी आहे. ऐकू न येण्याचा एक फायदा असतो, कोणी काही विचारलंच नाही असं धरून चालता येतं. मी तसा चाललो. दोन वर्षं ते टोक तांदळाच्या कणगीमागं होतं.

परवा तुझ्या काकूला सगळं सांगितलं. तेव्हापासून आमच्या कौसाबाई माझ्याशी बोलत नाहीत. ते मात्र मला स्पष्ट ऐकू येतं.

सुदामनं काल इंजिन चालू केलं. मी हात ठेवून पाहिला, आवाज तळहाताला लागला. चांगलं चालतं. तू निवडलेल्या एकाही वस्तूत खोट निघाली नाही. पुढची चाकं मात्र मोकळीच आहेत. सुदामला मी हात लावू दिला नाही.

नऊतली सात पिल्लं निघाली.

माफ कर म्हणायला मी मोठा आहे, पण म्हणतो.

आण्णा

*

॥ श्री ॥

बदलापूर (प.)
दि. १० एप्रिल २०२५

तीर्थरूप आण्णांस,

जितेशचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र येऊन सहा दिवस झाले. लगेच लिहिलं नाही, कारण मला राग आला होता. तो इथं लिहून टाकतो, म्हणजे घरी घेऊन यायला नको. दोन दिवाळ्या मी खोलीवर एकट्यानं फराळ केला. दोन वर्षं मी प्रत्येक वस्तू चारदा तपासली आणि तरी झोपताना वाटायचं, पाचव्यांदा पाहायला हवी होती. तुम्ही एक वाक्य लिहून पाठवलं असतं तर पुरलं असतं. एवढाच राग होता. लिहिला, आता संपला.

ती पुडी मी दुकानात फळीवर सोडली. चिठ्ठीवरची शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते. मग मी ते टोक मिठाईवाल्याच्या काट्यावर नेलं आणि शेजारी कंपनीचं ठेवलं. आण्णा, ते खरंच हलकं आहे. गोळी एका बाजूला अडते, रबर तेव्हापासूनच कडक असावं. तुमच्या हाताला बरोबर कळलं होतं. बसवलं असतं तर तेही कधीतरी तुटलं असतंच. म्हणजे मी चुकीची वस्तू आणली, आणि तुम्ही ती न लावता दुसरी चुकीची लावली. शेठना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुम्हा दोघांचा मिळून एक धड माणूस होतो. मिठाईवाल्यानं यावेळी काट्यावर कागद घालून दिला आणि दोन पेढे दिले, काकूंसाठी बांधून ठेवले आहेत.

येत्या रविवारी सकाळी येतो. सुट्टी मागितली, शेठ म्हणाले, याआधी तू मागितलीस कधी? सुदाममिस्त्रींनी पुढच्या चाकांना हात लावू नये. मी खाली झोपून टोकं बसवीन, तुम्ही वर बसून स्टेअरिंग हळूहळू फिरवायचं. पिनेचे काटे तुम्ही तुमच्या हातानं वाकवायचे, मी बघेन. ती जुनी वाटी आणि पत्र्याची पट्टी दोन्ही काढून ठेवा. मी ती माझ्या हातानं भंगारात टाकणार आहे, नाहीतर तुम्ही पुन्हा कणगीमागं ठेवाल.

पहिली फेरी मी चालवेन. तुम्ही वहाळाकडच्या बांधावर उभे राहा. मला तिथून जायचं आहे.

कौसाबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या बोलत नसतील तर लिहून दाखवा.

डाव्या बाजूचं आणि उजव्या बाजूचं, दोन्ही टोकं कालच निवडली. चंदरजवळ देत नाही, आणि त्यांवर चिठ्ठीही लावलेली नाही. ती माझ्या हातातच असतील.

तुमचा,
जितेश