तिने माझी पापणी उघडली

अण्णा, मागच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की ती मुलगी आता पेला म्हटलं की पेला उचलते. ते चूक होतं. ती पेल्याकडे बघतच नाही. टेबलावर पेला, चमचा आणि कंगवा मांडला की ती माझ्या तोंडाकडे बघते, आणि "पेला" म्हणताना माझे डोळे नकळत जिकडे जातात तिकडे तिचा हात जातो. संशय आला म्हणून परवा मी शब्द उच्चारला आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ काही झालं नाही. मग तिने टेबलावरून वाकून एका बोटाने माझी पापणी वर उचलली.

मला हसू आलं नाही. तुमची सुपारी आठवली.

चौथीपर्यंत माझं नाव तेवढं पटावर होतं. धावड्याच्या शाळेत तुम्ही स्वतः गुरुजी, आणि तिथल्या शिकवण्याला तुमच्याइतकं तुच्छ कोणीच मानत नसेल. म्हणून घरीच भिंतीवर नकाशा आणि त्यापुढे मी. पाहुणे येतात. तुम्ही आधी अडकित्ता काढता, सुपारीचं खांड गालात धरता आणि मग मला हाक मारता. "दाखव बरं, भोपाळ." माझं बोट नकाशावरून सरकत राहतं आणि तुमचं चघळणं थांबलं की थांबतं. "गुरुजी, पोरगी लई हुशार हाये हो!" तुम्ही नम्रपणे मान हलवता. ती नम्रता मला अजून किळसवाणी वाटते. आई म्हणते, त्यांच्या काही लक्षात नसेल आलं. मग सुपारी दर वेळी मला हाक मारण्याआधीच तोंडात कशी असायची? पाचवीत भोकरदनच्या शाळेत बाईंनी मला नकाशापुढे उभं केलं. बाई काही चघळत नव्हत्या. माझं बोट किनारा ओलांडून गेलं तरी थांबेना, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, हिची यष्टी समुद्रात चाल्ली!" घरी येऊन सांगितलं तर तुम्ही म्हणालात, त्या बाईला विचारता येत नाही.

आता मी मस्तगडच्या एका केंद्रात वर्तन-तंत्रज्ञ व्हायचं प्रशिक्षण घेते. न बोलणाऱ्या, स्वतःत गुंतून राहणाऱ्या मुलांना एकेक साधी गोष्ट शिकवायची, असं काम आहे. वर्गातला भाग संपला, सध्या देखरेखीखालचा सराव चालू आहे. म्हणजे मी मुलीसमोर बसायचं आणि मॅडमनी मागे बसून माझ्या चुका पकडायच्या. प्रत्यक्षात मॅडम शेजारच्या खोलीत फोनवर देखरेख करतात, बहुधा स्वतःच्या नातेवाइकांवर. वर्गात त्यांनीच शिकवलं होतं की आधी मुलाचा हात धरून मदत करायची, मग नुसतं बोट दाखवायचं, मग तेही काढून घ्यायचं. फार गोड शिकवलं होतं. स्लाइडवर फुलपाखरू होतं.

पापणीचं मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं. "मॅडम, ती वस्तू ओळखत नाही. माझे डोळे बघते."

"डोळे बघते? अगं, मग चांगलंच की! आय कॉन्टॅक्ट आला!"

"पण माझ्या जागी दुसरं कोणी बसलं तर?"

"दुसरं कोणी कशाला बसेल? शनिवारी पालकांना प्रात्यक्षिक दाखवताना तूच बस. बिलकुल टेन्शन घेऊ नको. आणि ते डोळे मिटणं वगैरे नको, पालकांना वाटेल ही झोपली."

तुम्हाला निदान सुपारी कातरावी तरी लागायची. या बाईला तेवढेही कष्ट नकोत.

मुलीची आई तीर्थपुरीहून तिला घेऊन येते. त्या दिवशी निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "मंग ताई, जूनमधी हिला साळंत टाकू ना? हिची आजी म्हन्ती, आम्ही पेला म्हनलं तर न्हाई उचलत. मी म्हनलं, तुम्हाला बराबर म्हनताच येत न्हाई." आणि खूप हसली. मी "बघू" म्हणाले. घरी येईपर्यंत तो शब्द तोंडात कडू राहिला. गावच्या शाळेत ही मुलगी कोणाच्या तोंडाकडे बघेल? बाईंची पाठ असेल, शेजारच्या पोरी खिदळतील, आणि घरचे म्हणतील, केंद्रात तर सगळं येत होतं, आता हीच हट्ट करते. मार तिला बसेल, मॅडमना नाही.

शनिवारच्या कार्यक्रमानंतर मॅडम माझा सराव पूर्ण झाला म्हणून सही देणार आहेत. आधी तोंड उघडलं तर देणार नाहीत, हे त्यांनी न बोलता नीट सांगितलंय. परवापासून मी मनातल्या मनात वाक्यं जुळवते आहे आणि प्रत्येक वाक्यात मला माझीच चूक सापडते.

हे पत्र मात्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. ती मुलगी माझी लाडकी नाही. केस ओढते, अंगावर थुंकते, तिची वेळ संपली की मला हायसं वाटतं. तिच्यावर माया आहे म्हणून हे करते आहे असं कोणी म्हणालं तर मला लाज वाटेल. तरी करणार आहे. तिच्या आईला माझ्या खुर्चीत बसवणार, खिडकीबाहेर बघत "पेला" म्हणायला सांगणार, आणि पुढे जे दिसेल त्याचा अर्थ तिला तिथेच, मॅडमची वाट न बघता, समजावून सांगणार. ती येते येत्या मंगळवारी, शनिवारच्या आधी. मंगळवारीच.