सेगावाबाईंच्या वाटेवरचा दगड

ती. फुमिएताईला धाकट्या तेइझोचा तोक्योहून वाकून नमस्कार. इकडे मेपल लाल झाले, म्हणजे तिकडे निइगाताला तू लोकरीत शिरली असशील. गुडघे शेकत जा. (भावोजींना हवं तेवढंच ऐकू येतं ना अजून?)

आमच्या गल्लीचं तुला ठाऊकच आहे. पुढे विद्यापीठ, मागे जुनी बाग, मधे बावीस घरांत एकोणीस प्राध्यापक. शिंकायचं झालं तरी माणूस शेजारच्याचं पान वाचून व्हायची वाट बघतो. समोरच्या सेगावाबाईंकडे गेली तीन वर्षं मी दर शनिवारी बागेत हौसेने लावलेल्या शेवाळातलं तण काढायला जातो. (त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली, माझी हारुए जाऊन पाच. हे आपलं सहज.) तर तीन आठवड्यांपूर्वी फाटकातून आत शिरतो, तो माझ्या नेहमीच्या वाटेवर, पहिल्याच फरशीवर, काळ्या दोरीने बांधलेला मुठीएवढा दगड. म्हणजे इथून पुढे येऊ नये. पाटी असती तर भांडता तरी आलं असतं. दगडाशी काय भांडणार? मागे फिरलो. पुढच्या शनिवारीही दगड, त्याच्या पुढच्याही.

सरळ विचारणं आमच्याकडे बसत नाही. म्हणून तर्कशास्त्राच्या नोमियामा मास्तरांना गाठलं. त्यांनी पाऊण तास तीन शक्यता मांडल्या आणि शेवटी म्हणाले, "कुराहाशी, आधी तुम्ही काय केलंत ते आठवा." आठवलं. मागे एकदा मी बाईंच्या मुळ्याच्या लोणच्याला खारट म्हणालो होतो. हे आठवल्यापासून अन्न गोड लागेना. मग (इथे तू कपाळाला हात लावशील) आपलंही काही अडलेलं नाही हे दिसावं म्हणून मीही एक दगड बांधून माझ्या फाटकात ठेवला. झालं! तोफूवाला यायचा बंद झाला, आणि गुरुवारी खुद्द सेगावाबाई हातात डबा घेऊन आल्या, दगड पाहिला, त्याला वाकून नमस्कार केला आणि डब्यासकट परत गेल्या. ताई, मला काही उमगत नाही, आणि फार एकटं वाटतंय.

तुझा,
तेइझो

ता. क. : आत्ता त्यांचा माळी भेटला. म्हणाला, "अहो काका, त्या वाटेवर नवं शेवाळ लावलंय. स्वयंपाकघराकडची वाट मोकळीच होती की! बाई तीन शनिवार चहा मांडून बसल्यात." आता माझा दगड उचलू तर कसा? कारण काय सांगू?

ता. क. २ : खरं काम असं. तू ये, आणि मोठी बहीण म्हणून त्यांना विचार, इथून पुढचा रोजचा चहा आमच्याच घरात घेतलेला चालेल का. नाही म्हणाल्या तर तू फक्त मेपल बघायला आली होतीस.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात बाई आल्या, माझा दगड उचलला, ॲप्रनला पुसला आणि नेऊन आपल्या स्वयंपाकघराच्या पायरीशी ठेवला. ही आणखी कडक मनाई समजायची का? दार मात्र सताड उघडं टाकलंय, एवढ्या थंडीत. पत्र पोचायला दोन दिवस, तुझं उत्तर यायला दोन. तोवर त्यांनी दार लावू नये म्हणजे मिळवली.